ज्यांना कुणी चोंबडा म्हणत नाही

दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. चोंबडा, भोचक, लुडबुड्या, कळलाव्या, चुगलखोर. नाक खुपसणं, कानोसा घेणं, वास काढत फिरणं, खोदून खोदून विचारणं, नसती पंचाईत, नाही ती उठाठेव. वऱ्हाडात कुणी फार मागे लागलं तर सरळ ऐकवतात, "तुले काय करा लागते?" एवढा साठा भाषेत उगाच जमत नाही. एका भिंतीला दोन घरं, दिवसभर उघडी दारं, एकच विहीर, एकच पार, अशा वस्तीत खासगीपण राखायला दुसरं साधनच नव्हतं. चोंबडेपणा करणाऱ्याला चारचौघांत चोंबडा म्हणता येतं, या भीतीवर बरंच काही टिकून होतं.

पण हे शब्द लागतात कुणाला? 'भोचक भवानी' आहे, तिच्या जोडीचा पुरुष शब्दकोशात सापडत नाही. विहिरीवर दोन बायका बोलल्या की त्या कुचाळक्या. पानठेल्यावर दहा पुरुष त्याच घराबद्दल तासभर बोलले की ती चर्चा. 'चांभारचौकशा' हा शब्द तर शिकलेली माणसं आजही सहज वापरतात. नको त्या विचारण्याचं पाप एका कष्टकरी जातीच्या नावावर मांडून ठेवणारा हा शब्द आपण टाकून दिला पाहिजे. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं त्यांना गावातल्या माजघरात डोकावायची मुभा होती तरी कधी? म्हणजे हे सगळे शब्द खालच्या दिशेनं चालतात. बाईवर, गरिबावर, रिकामटेकड्या म्हाताऱ्यावर ते पडतात. वरून येणाऱ्यावर पडत नाहीत.

माझं म्हणणं त्या वरून येणाऱ्याबद्दल आहे. ज्याच्या हातात कागद आहे, ज्याच्यामागे गाडी उभी आहे, ज्याच्या गळ्यात कॅमेरा आहे, तो माणूस शेजारणीनं कधी विचारलं नसतं ते पाच मिनिटांत विचारून मोकळा होतो, आणि त्याच्या विचारण्याला मात्र मराठीत सगळे इभ्रतीचे शब्द आहेत: चौकशी, पाहणी, सर्वेक्षण, मुलाखत, अभ्यासदौरा. यवतमाळ जिल्ह्यानं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे सगळे शब्द आपल्या ओसरीवर बसलेले पाहिलेत. म्हणून हा मुद्दा यवतमाळमधूनच मांडायला हवा.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह गेले. गावात मान असलेला, सरपंचपद सांभाळलेला, भजनात रमणारा शेतकरी. अलीकडच्या वर्षांत राज्यभर अनेक जण त्या तारखेला अन्नत्याग करतात आणि ही महाराष्ट्रात गाजलेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून सांगितली जाते. तेव्हापासून जिल्ह्यातल्या किती घरांपुढे तोच प्रश्न येऊन उभा राहिला: का केलं? शेजारी हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. सरकार तो लेखी विचारतं.

डिसेंबर २००५ च्या शासन निर्णयानं आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरवली. त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. मदत मिळायची तर प्रकरण 'पात्र' ठरलं पाहिजे. पात्र ठरायचं तर शेतजमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे असली पाहिजे, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असलं पाहिजे, नापिकीमुळे ते फेडता आलं नाही आणि वसुलीचा तगादा होता हे दिसलं पाहिजे. कागदावर हे साधं दिसतं. प्रत्यक्षात घरात तेरवी व्हायच्या आत तलाठी येतो, पोलीस येतात, कृषी खात्याचा माणूस येतो. सातबारा मागितला जातो, आठ-अ मागितला जातो, बँकेचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल. सगळं तहसिलातून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं आणि तिथे फाइलवर तीनपैकी एक शब्द पडतो: पात्र, अपात्र, फेरचौकशी.

कागद मागायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कागदाच्या पुढं जाणाऱ्या विचारण्याला. दारू घ्यायचा का? घरात भांडण झालं होतं का? तुमचं दोघांचं पटत होतं का? काही आजार होता का, डोक्यावर परिणाम वगैरे? पोरीच्या लग्नात किती उडवले? हे प्रश्न वायफळ म्हणून सोडून देता येत नाहीत, कारण त्यांच्या उत्तरावर निकाल ठरतो. दारू, आजारपण, घरगुती वाद यातलं काही कारण म्हणून नोंदलं गेलं की प्रकरण अपात्रतेकडे सरकतं. चार दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईनं आपल्या संसाराचा हिशेब अशा रीतीनं द्यायचा की त्यात नवरा सज्जन, निर्व्यसनी, निरोगी आणि तरीही कर्जबाजारी ठरेल. आणि माणसं अशी सुबक नसतात. कर्जात बुडालेला माणूस पितोही, चिडतोही, बायकोशी भांडतोही. भांडण कर्जातून आलं की कर्ज भांडणातून, हे पंचनाम्याच्या रकान्यात सांगता येत नाही.

याहून वाईट गोष्ट पुढं घडते. पंचनाम्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं जातं. पानठेल्यावर जे कुजबुजत बोललं गेलं असतं, ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच घरच्या म्हातारीनं दोन शब्द सुनावून गप्प केलं असतं, तेच आता जबाब होतं. त्यावर सही होते, तारीख पडते, शिक्का बसतो. गावातली चोंबडी बडबड सरकारी सत्य होऊन बसते आणि ज्या बाईविषयी ती आहे तिला त्यात काय लिहिलंय हे कुणी वाचून दाखवतही नाही. गावातल्या भोचकपणाला निदान विसरण्याची सोय असते. फाइल विसरत नाही.

यात जमिनीचा प्रश्न वेगळाच काच लावतो. विदर्भातल्या किती घरांत सातबारा अजून सासऱ्याच्या नावे असतो, किती जण ठोक्यानं किंवा बटाईनं दुसऱ्याची शेती करतात. अशा घरात बाईला आधी नात्यांचं सगळं जाळं उकलून दाखवावं लागतं: वाटणी झाली होती का, चूल वेगळी होती का, दीर काय करतो, सासरा सही देईल का. घरातली जुनी दुखणी परक्यासमोर पसरायची, आणि त्यानंतर उत्तर येतं अपात्र. हे एकदा झालं की त्या घराकडे गावाची नजरही बदलते. लोक म्हणतात, सरकारनं चौकशी केली, म्हणजे काहीतरी दुसरंच असणार.

यावर सांगितलं जातं की सार्वजनिक पैसा आहे, खोटे दावे होतात, तपासल्याशिवाय कसा द्यायचा? हा आक्षेप मी गांभीर्यानं घेतो. तपास हवाच. पण तपासायचं काय, हे आधी ठरू द्या. मृत्यू झाला हे तपासता येतं. शेतीवर पोट होतं हे तपासता येतं, त्यासाठी ग्रामसभा आहे, पीकपेरा आहे. कर्जाचा आकडा बँकेकडे आहे, पैसेवारी महसूल खात्याकडे आहे, पावसाची नोंद आहे, बाजार समितीत कापसाला काय भाव पडला तेही लिहिलेलं आहे. जे सरकारच्याच कपाटात आहे ते विधवेच्या तोंडून वदवून घेण्याची गरज काय? आणि जे कुणाच्याच कपाटात नाही, म्हणजे नवरा-बायकोत काय होतं, ते सरकारला कळून उपयोग काय? शेतकरी दारू पीत होता म्हणून त्याच्या पोरांची भूक कमी होत नाही. मदत मागे राहिलेल्यांसाठी असेल तर गेलेल्याच्या चारित्र्याची परीक्षा तिच्या आड येऊच नये.

२०१७ साल मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी राज्यानं कर्जमाफी जाहीर केली आणि तिच्यासाठी ऑनलाइन अर्ज मागवले. जिल्ह्याजिल्ह्यात 'आपले सरकार' केंद्रांपुढे रांगा लागल्या. आधार, खातं, कुटुंबाची माहिती, अंगठ्याचा ठसा. कामानं झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेईना, सर्व्हर बंद पडे, माणसं रात्री केंद्राबाहेर थांबत. हे चालू असतानाच २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. दिल्लीत तो निकाल वाचला जात असताना यवतमाळचा शेतकरी घरातल्या प्रत्येकाची माहिती एका खिडकीत ओतत होता, आणि ती कुठं जाते हे विचारायची त्याची प्राज्ञा नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच महिन्यात घडल्या.

त्याच पावसाळ्यात जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात भरती झाले. पुन्हा पथकं आली. पुन्हा विचारणा खाटेवरच्या माणसाकडे वळली: मास्क लावला होता का, हातमोजे होते का, उपाशीपोटी फवारलं का, वाऱ्याच्या उलट दिशेनं का फवारलं? कोणती औषधं एकत्र करायला कुणी सांगितलं, कृषी केंद्रातून काय विकलं गेलं, त्या विक्रीवर देखरेख कुणाची होती, हे प्रश्नही निघाले, पण ते मजुराइतके सहज हाती लागणारे नव्हते. जो पडून आहे त्याला विचारणं सोपं असतं.

सरकारबद्दल एवढं बोलून पत्रकार आणि पुढाऱ्यांना सोडून देणं बरोबर होणार नाही. मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावती बांदूरकर यांच्या घरी २००८ साली राहुल गांधी गेले आणि त्याच वर्षीच्या जुलैत लोकसभेतल्या विश्वासदर्शक ठरावावर बोलताना त्यांनी कलावतींचं नाव घेतलं. त्या दिवसापासून जळक्याचा रस्ता वार्ताहरांच्या पायाखालचा झाला. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी पुन्हा त्यांचा उल्लेख केला आणि पुन्हा माईक त्यांच्या दारात: घर कुणी दिलं, वीज कुणी दिली, गॅस कुणी दिला? त्यांनी उत्तर दिलं, ठामपणे दिलं, आणि सभागृहात सांगितलं गेलं ते त्यांना मान्य नव्हतं. पण आपल्या चुलीपर्यंतचा जमाखर्च देशापुढं मांडायची पाळी एका बाईवर दोनदा आली, हे कुणाला खटकलं? तिच्या जागी शहरातला एखादा उद्योजक असता तर त्याच्या स्वयंपाकघरात कुणी कॅमेरा घेऊन शिरलं नसतं. गरिबाचं घर सार्वजनिक जागा आहे असं आपण न बोलता धरून चाललोय.

झरी जामणी तालुक्यात हे आणखी उघडपणे दिसतं. तिथल्या कोलाम आणि इतर आदिवासी पाड्यांवरच्या मुलींना बाहेरून आलेल्या ठेकेदारांनी, व्यापाऱ्यांनी, त्यांच्या माणसांनी फसवलं, मुलं पदरात टाकून ते निघून गेले. हा गुन्हा आहे, आणि गुन्हा करणारे पुरुष आहेत. पण विषयाला नाव पडलं 'कुमारी माता'. गणना झाली ती त्या मुलींची. सर्वेक्षणं झाली, शासनाचा आकडा आणि संघटनांचा आकडा कधी जुळला नाही, आयोग येऊन गेले, वाहिन्या आल्या. प्रत्येक वेळी त्याच मुलीला तेच सांगावं लागलं: तो कोण होता, कधी भेटला, तू कशी फसलीस. ज्याची यादी करायला हवी होती त्या फसवणाऱ्यांची यादी करायला कुणी पाड्यापाड्यानं हिंडलं नाही. त्या पुरुषांसाठी शासकीय भाषेत एखादा सामूहिक शब्दही तयार झालेला नाही.

आता माझ्याच म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. कुणी विचारलंच नसतं तर? पत्रकार पी. साईनाथ गावोगाव हिंडून विचारत राहिले नसते तर विदर्भातला हा आकांत मुंबई-दिल्लीला ऐकू गेला असता का? उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २००५ साली अहवाल दिला. २००६ च्या सुरुवातीला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रा यांचा अहवाल आला. त्यात वर्धा, वाशिम आणि यवतमाळमधल्या १११ घरांत जाऊन केलेल्या विचारणेचा आधार होता. या अहवालानं दाखवून दिलं की एकेका घरात अनेक कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि कर्ज जवळजवळ सगळीकडे आहे. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. विचारण्याशिवाय यातलं काही घडलं नसतं, हे मान्य करायलाच हवं. पण एक फरक पाहा. मिश्रांच्या अहवालानं दारू किंवा आजार लपवला नाही, तो कर्जाच्या शेजारी ठेवला, आणि त्यामुळे कुणाची मदत गेली नाही. तीच माहिती तहसिलात गेली की तिची कात्री होते. प्रश्न सारखाच असू शकतो. उत्तराचं पुढं काय होणार, यावर तो माणुसकीचा की अपमानाचा हे ठरतं.

म्हणूनच ज्या शेजारणीला आपण चोंबडी म्हणून हिणवतो तिच्या बाजूनं मला बोलायचं आहे. "आज चूल काहून पेटली नाही?" हा प्रश्न शब्दकोशाप्रमाणे भोचकच आहे. पण तो विचारणारी बाई उत्तर ऐकून दोन भाकरी घेऊन येते. उद्या तिच्याही घरात आपण डोकावू शकतो, आणि नको असेल तर तिला "तुले काय करा लागते" म्हणता येतं. विचारणं परतफेडीचं आहे, नकाराचा हक्क शाबूत आहे, आणि विचारणारी उद्याही तिथंच असणार आहे. या तीन गोष्टी असल्या की तिचं विचारणं 'इचारपूस' होतं. तलाठ्याला, समितीला, कॅमेऱ्याला यातलं एकही बंधन नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाच्या प्रकल्पानं हेच केलं. तीस गावांत गावातलेच आरोग्य कार्यकर्ते प्रशिक्षण घेऊन घरोघर गेले, मनावर ताण आहे का, झोप लागते का, असं विचारत. दीड वर्षात नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण सुमारे सहापट झालं. राज्य सरकारनं २०१५ नंतर आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात आशा सेविका हीच विचारणी करतात. आशाताई खासगी तेच विचारते. रात्री झोप येत नाही का, जीव नकोसा वाटतो का, याहून खासगी काय असणार? तरी लोक तिला सांगतात, कारण ती त्यांच्याच गल्लीतली आहे आणि तिच्या वहीतलं उत्तर मदत नाकारण्यासाठी वापरलं जाणार नाही असा त्यांचा विश्वास आहे. हा विश्वास जिल्हा प्रशासनानं फार जपून वापरायला हवा. एकदा आशाच्या वहीतली दारूची नोंद पात्र-अपात्रतेच्या फाइलला जोडली गेली, तर पुढच्या घरात तिला खरं उत्तर कधीच मिळणार नाही.

आणि ज्यांना विचारलं जातं त्या स्वतः बोलायला उभ्या राहिल्या की काय होतं, हेही यवतमाळनं पाहिलं. जानेवारी २०१९ मध्ये इथं ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यानं वाद पेटला होता, आणि अखेर उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवरा गेल्यावर घर ओढणारी, अंगणवाडीत काम करणारी बाई त्या मंचावरून आपल्या भाषेत आपल्या आयुष्याबद्दल बोलली. त्यांनी हरीश इथापे यांच्या 'तेरवं' या नाटकातही काम केलंय, ज्यात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर येतात. तिथं काय सांगायचं, कुठं थांबायचं, काय आपल्यापाशी ठेवायचं, हे त्यांच्या हाती असतं. त्या दिवशी मांडवात बसलेल्या साहित्यिकांना जे ऐकायला मिळालं ते कुठल्याही पंचनाम्यात आलं नसतं, कारण पंचनामा तिच्याकडून तिच्याबद्दलचं मत मागतच नाही.

तेव्हा मागण्या अगदी साध्या आहेत. चौकशीच्या नमुन्यातून व्यसन, घरगुती वाद, मानसिक आजार हे मदत नाकारण्याचे आधार म्हणून काढून टाका. तेरवी होईपर्यंत घरातल्या बाईचा जबाब घेऊ नका. कागद तोवर कचेरीतून गोळा होऊ शकतात. जबाब घेतलाच तर तो तिला मराठीत, कोलाम पाड्यावर असेल तर तिच्या कोलामीत, वाचून दाखवा आणि त्याची प्रत तिच्या हाती द्या. शेजाऱ्यांनी तिच्याविषयी काय सांगितलं तेही तिला कळू द्या, त्यावर तिचं म्हणणं त्याच कागदावर लिहून घ्या. अपात्र ठरवायचं असेल तर कारण लेखी द्या, आणि ते खोडून काढायला तिच्यासोबत समितीपुढं बसेल असा एक माणूस तालुक्याला नेमा.